पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर विकत घेतलेली ‘मुक्तता’ आणि १०९८ हा मोफत क्रमांक

ऐरोलीत मी अकरावी-बारावीच्या मुलांना गणित शिकवते. गेल्या वर्षी जुलैमध्ये एका संध्याकाळी वर्ग सुटल्यावर सोळा वर्षांची एक विद्यार्थिनी मागे थांबली. तिने दप्तरातून प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये जपून ठेवलेला एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला. पाचशे रुपयांचा स्टॅम्प पेपर होता, खाली नोटरीचा गोल शिक्का होता आणि मजकूर असा होता : ‘मी लिहून देणार स्वखुशीने व कोणाच्याही दडपणाशिवाय जाहीर करते की, आजपासून माझा माझ्या आई-वडिलांशी कोणताही कायदेशीर संबंध राहिलेला नसून माझ्या बऱ्यावाईटास मी स्वतः जबाबदार आहे.’ या एका पानासाठी तिने ३,५०० रुपये मोजले होते. दोन वर्षांच्या ओवाळणीचे आणि शिष्यवृत्तीतून उरलेले ते पैसे होते.

“मॅडम, आता मी कायद्याने वेगळी झाले ना? आता बाबांना मला हात लावता येणार नाही ना?” तिने विचारले.

हा अभिप्राय दोन सेवांविषयी आहे. पहिली म्हणजे हा कागद विकणारे ठाणे स्टेशनजवळचे कार्यालय, जे इंटरनेटवरील जाहिरातीत ‘कौटुंबिक कायदेशीर कागदपत्रे एका दिवसात’ देण्याचे आश्वासन देते. दुसरी म्हणजे १०९८ ही बालकांसाठीची हेल्पलाइन आणि तिच्यामागे उभी असलेली बाल कल्याण समितीची यंत्रणा, जिचा आम्हाला पुढील तीन महिने अनुभव आला. कार्यालयाचे नाव मी देत नाही. मुलीविषयीचे काही तपशीलही मी मुद्दाम बदलले आहेत, कारण अशा प्रकरणातील बालकाची ओळख उघड होईल असे काहीही प्रसिद्ध करण्यास बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ ने मनाई केली आहे आणि ही मनाई योग्यच आहे.

त्या संध्याकाळी मी तिला बाही वर करायला सांगितले. दंडावर आणि पाठीच्या वरच्या भागावर वळ होते, आणि प्रत्येक वळ दुहेरी होता : दोन लाल रेघा अगदी समांतर आणि मधली कातडी पांढुरकी. मोबाईलच्या चार्जरची वायर दुमडून मारले की असे वळ उठतात, हे तिने मला अगदी शांतपणे, एखादे सूत्र सांगावे तसे सांगितले. मे महिन्याच्या उकाड्यातही ही मुलगी पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट घालून वर्गाला येत होती. मी ते रोज पाहत होते आणि मला त्याचा अर्थ लागला नव्हता.

त्या कागदाची किंमत काय, हे आधी सांगितले पाहिजे, कारण तिच्यासारखी मुले मोबाईलवर अमेरिकेतील ‘इमॅन्सिपेशन’विषयी वाचतात आणि आपल्याकडेही असेच असणार असे समजून चालतात. भारतात अल्पवयीन व्यक्तीने न्यायालयात जाऊन स्वतःला आई-वडिलांपासून मुक्त आणि सज्ञान ठरवून घ्यावे, अशी तरतूद कोणत्याही कायद्यात नाही. १८७५ च्या इंडियन मेजॉरिटी अ‍ॅक्टप्रमाणे वयाची अठरा वर्षे पूर्ण झाली की व्यक्ती सज्ञान होते. न्यायालयाने पालक नेमलेला असेल तर पूर्वी ही मर्यादा एकवीस होती, ती १९९९ च्या दुरुस्तीने गेली. अठरा पूर्ण होण्याआधी स्टॅम्प पेपरवर काहीही लिहून घेतले तरी पालकत्व संपत नाही. १८७२ च्या करार कायद्यानुसार अल्पवयीन व्यक्ती करार करण्यास सक्षमच नसते, आणि अल्पवयीनाने केलेला करार मुळातच रद्दबातल असतो हे ब्रिटिश काळातील सर्वोच्च अपिलीय न्यायपीठ असलेल्या प्रिव्ही कौन्सिलने १९०३ मध्ये मोहरी बीबी खटल्यात स्पष्ट केले, ते आजही तसेच आहे. म्हणजे हा कागद घेऊन ती मुलगी उद्या भाड्याची खोली पाहायला गेली असती, तर भाडेकरारावरील तिच्या सहीला काही अर्थ उरला नसता. शिकलेल्या माणसांनी चालवलेल्या कार्यालयाला हे ठाऊक नव्हते, असे मी मानू शकत नाही.

वर्तमानपत्रात ‘आमच्या मुलाशी आमचा काहीही संबंध राहिलेला नाही’ अशा जाहीर सूचना आपण सगळ्यांनीच वाचलेल्या असतात. त्यांचीही गत हीच आहे. अशी सूचना छापून बापाची अल्पवयीन अपत्याला पोसण्याची जबाबदारी टळत नाही. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली स्वतःचा उदरनिर्वाह करू न शकणाऱ्या अल्पवयीन अपत्याला पोटगी मागता येते. मुलीने ‘माझा संबंध नाही’ असे लिहून दिल्याने तिचा हा हक्क बुडत नाही, परंतु तिला मात्र तो बुडाला असे वाटू शकते, आणि या कागदातली सर्वांत घातक गोष्ट मला हीच वाटते.

ज्या अमेरिकी कायद्याचे तिला एवढे आकर्षण होते, तोही मी नंतर वाचून पाहिला. कॅलिफोर्नियात न्यायालयाकडून अशी मुक्तता मिळवण्यासाठी मुलाचे वय किमान चौदा असावे लागते, ते आई-वडिलांच्या संमतीने किंवा निदान त्यांच्या मूक मान्यतेने वेगळे राहत असावे लागते, आपला पैसा आपण सांभाळत असावे लागते आणि ते उत्पन्न बेकायदा मार्गाचे नसावे लागते. ज्या मुलाच्या हाती पैसा नाही, राहायला दुसरी जागा नाही आणि ज्याचा बाप त्याला सोडायलाच तयार नाही, त्याला तो दरवाजा तिथेही सहजासहजी उघडत नाही. मारहाण होणाऱ्या मुलांसाठी तिथेही बालसंरक्षणाची स्वतंत्र व्यवस्था आणि स्वतंत्र न्यायालयीन मार्ग आहे. हे कळल्यावर मुलीची निराशा थोडी कमी झाली. आपल्या देशात जन्मल्यामुळे आपण एका मोठ्या सोयीला मुकलो, असे तिला तोवर वाटत होते.

आता दुसऱ्या सेवेकडे वळते. त्या संध्याकाळी माझ्या मनात पहिला विचार आला तो पोलिसांचा, म्हणून मी तिला घेऊन एका पोलीस ठाण्यात गेले. तिथे जे झाले ते सांगते, पण ते एका टेबलावरच्या एका माणसाचे वागणे होते, एवढे लक्षात घ्यावे. त्यांनी वळ पाहिले, “घरचा मामला आहे, वडिलांना बोलावून समज देतो,” असे म्हटले, एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची साधी नोंद, करायला घेतली आणि मुलीकडे वडिलांचा मोबाईल क्रमांक मागितला. मुलगी खुर्चीवरून उठून दाराकडे सरकली. ती आता पळून जाईल, असे मला स्पष्ट दिसत होते. मी तिचा हात धरून तिला बाहेर आणले आणि पोलीस ठाण्याच्या आवारातल्या बाकावर बसून १०९८ ला फोन लावला.

हा क्रमांक टोल-फ्री आहे आणि चोवीस तास चालतो. १९९६ मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या एका उपक्रमातून तो सुरू झाला, पुढे देशभर पसरला, आणि २०२३ पासून मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेखाली राज्यांचे महिला व बालविकास विभाग तो चालवतात व ११२ या आपत्कालीन क्रमांकाशीही तो जोडला गेला आहे. ‘दस नौ आठ’ असा तो मुलांना पाठ करवला जातो, पण ती कॉल करायला धजावतातच असे नाही. माझा फोन उचलणाऱ्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला, “मूल आत्ता या क्षणी सुरक्षित आहे का?” नाव, पत्ता, जात, वडिलांचा व्यवसाय यांतले काहीही त्यांनी आधी विचारले नाही. नंतर वय, जखमा कुठे आहेत, रक्तस्राव होतो आहे का, आणि मुलीला स्वतः बोलायचे आहे का, असे विचारून त्यांनी फोन तिच्याकडे द्यायला सांगितला. ती वीसेक मिनिटे बोलत होती. मी थोडी लांब जाऊन उभी राहिले होते, आणि त्या वीस मिनिटांत तिचे खांदे हळूहळू खाली आलेले मला दिसले. तासाभरात जिल्ह्याच्या चमूतील एक केस वर्कर आल्या. त्या आमच्याबरोबर पुन्हा आत गेल्या आणि त्यांनी ठाण्यातील बाल कल्याण पोलीस अधिकारी कोण आहेत एवढेच विचारले. त्यानंतर वडिलांना फोन करण्याची भाषा कोणी केली नाही.

इथे मला एक गोष्ट कळली, जी मला आधी कोणी सांगितली असती तर बरे झाले असते. गुन्हा दखलपात्र (ज्यात पोलीस स्वतःहून तपास करू शकतात) आहे की अदखलपात्र, हा एक रस्ता आहे, आणि मुलाची काळजी व संरक्षण हा दुसरा. पोलिसांनी एनसी घेतली काय किंवा गुन्हा नोंदवला काय, ज्या बालकाला त्याच्या पालकाकडूनच इजा होते आहे ते बाल न्याय अधिनियमाच्या व्याख्येप्रमाणे ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक’ असते आणि त्याला चोवीस तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, बाल कल्याण समितीपुढे हजर करायचे असते. हजर कोणी करायचे, याची यादीही कायद्याने उदार मनाने केली आहे : पोलीस, चाइल्डलाइन (म्हणजे हीच १०९८ ची सेवा), स्वयंसेवी संस्था, समाजसेवक, डॉक्टर किंवा परिचारिका, कोणीही जागरूक नागरिक आणि स्वतः ते मूल. सोळा वर्षांची मुलगी कोणाच्याही परवानगीशिवाय समितीच्या दारात जाऊन ‘मला घरी सुरक्षित वाटत नाही’ असे म्हणू शकते, आणि समितीला तिची दखल घ्यावीच लागते. ३,५०० रुपयांत विकल्या गेलेल्या कागदात जे मिळणार नव्हते, त्याचा खरा दरवाजा हा होता आणि तो विनामूल्य होता.

समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, त्यांत किमान एक महिला असावी लागते, आणि समितीला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात. महिन्यातून किमान वीस दिवस तिची बैठक व्हावी असा नियम आहे, आणि बैठक नसेल तेव्हा एका सदस्यापुढेही बालकाला हजर करता येते. आमच्या बाबतीत त्या रात्री तसेच झाले. आधी महापालिकेच्या रुग्णालयात तपासणी झाली, वळांची नोंद झाली, आणि मग एका सदस्यांच्या आदेशाने मुलीला तात्पुरते मुलींच्या एका बालगृहात ठेवले गेले.

ही पायरी मी लपवणार नाही, कारण मुलांना ती आधीच माहीत असायला हवी. मुलीची मावशी डोंबिवलीला राहते, ती तिला ठेवून घ्यायला तयार होती, तरीही पहिल्या रात्री मुलगी थेट तिच्याकडे गेली नाही. मावशीचे घर कसे आहे, तिथे कोण राहते, मुलीचे वडील तिथे येऊन तमाशा करतील का, हे तपासायला वेळ लागतो. या तपासणीला तिथे ‘गृहचौकशी’ म्हणतात. बालगृहात मोबाईल जमा करावा लागतो, भौतिकशास्त्राच्या वह्या दुसऱ्या दिवशी मी नेऊन दिल्या तेव्हा मिळाल्या, आणि पहिल्या दोन रात्री तिला झोप आली नाही. एका मोठ्या खोलीत दहा-बारा मुली, अनोळखी पंख्याचा आवाज, आणि आई एकदाही फोनवर नाही. तिसऱ्या दिवशी मात्र तिने मला सांगितले की, पाठीवर झोपता येते आहे, कारण रात्री कोणी उठवत नाही.

समितीपुढची सुनावणी न्यायालयासारखी नसते. उंच मंच नसतो, मुलीला पिंजऱ्यात उभे केले जात नाही आणि तिच्याशी वेगळे बोलले जाते. वडिलांनाही बोलावले गेले. त्यांनी ‘अभ्यासासाठी मारतो’ असे सांगितले, आणि आई खाली मान घालून बसली होती. समितीने सामाजिक तपासणीचा अहवाल मागवला, जो कायद्याने पंधरा दिवसांत पूर्ण व्हायचा असतो, आणि अंतिम आदेश पहिल्या हजेरीपासून चार महिन्यांच्या आत व्हायचा असतो. आमच्याकडे तो तीन महिन्यांच्या आत झाला. मुलीला ‘योग्य व्यक्ती’ म्हणून मावशीच्या ताब्यात द्यावे, बाल संरक्षण अधिकाऱ्याने ठरावीक अंतराने भेट द्यावी, वडिलांनी समुपदेशनास हजर राहावे आणि समितीच्या परवानगीशिवाय मुलीला भेटू नये, असा तो आदेश आहे.

कायद्यातला ‘योग्य व्यक्ती’ हा शब्द मला फार मोलाचा वाटतो, आणि या सेवेतील सर्वांत चांगली गोष्ट कोणती असे मला विचारले तर मी हाच शब्द सांगेन. मुलीला त्या दिवशी सज्ञान व्हायचे नव्हते. तिला वीजबिल भरायचे नव्हते आणि भाडेकरारावर सही करायची नव्हती. तिला संध्याकाळी घरी जाताना भीती वाटू नये, एवढेच हवे होते. कायद्याने तिच्या वडिलांचे नाव पुसून टाकले नाही, ती कोणापासून ‘मुक्त’ही झाली नाही, पण तिच्यावरचा त्यांचा ताबा काढून एका दुसऱ्या जबाबदार प्रौढ बाईच्या हाती दिला आणि त्या बाईवर लक्ष ठेवायलाही माणूस नेमला. यापेक्षा अधिक काही सोळा वर्षांच्या मुलीच्या हाती द्यावे, असे मला एक शिक्षिका म्हणून वाटत नाही.

वडिलांना या आदेशाविरुद्ध तीस दिवसांत अपील करता येते, हे आम्हाला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने दिलेल्या वकील बाईंनी सांगितले. ही तिसरी सेवा, तिचाही उल्लेख केलाच पाहिजे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाप्रमाणे महिला आणि बालकांना उत्पन्नाची कोणतीही अट न लावता मोफत वकील मिळतो. ठाण्यात कोर्ट नाक्यावरील जिल्हा न्यायालयात यासाठी अर्ज करता येतो, आणि १५१०० हा राष्ट्रीय विधी सेवा हेल्पलाइनचा क्रमांक आहे. वकील बाईंनी तो स्टॅम्प पेपर शांतपणे वाचला, परत फोल्डरमध्ये ठेवला आणि मुलीला म्हणाल्या, “बाळा, हा फाडू नकोस. तुला कोणी फसवलं याचा हा पुरावा आहे.” त्याच बैठकीत त्यांनी सांगितले की, मावशीला कायमचे पालकत्व हवे असेल तर १८९० च्या गार्डियन्स अँड वॉर्ड्स अ‍ॅक्टखाली न्यायालयात अर्ज करता येतो, आणि मूल समजत्या वयाचे असेल तर न्यायालय त्याची इच्छा विचारात घेऊ शकते. परंतु मुलीला अठरा पूर्ण व्हायला तेव्हा चौदा महिने उरले होते, म्हणून समितीचा आदेश पुरेसा आहे असे सर्वांचे मत पडले. तेरा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत मी वेगळा विचार केला असता.

या काळात मला सर्वांत जास्त घाबरवले ते सोसायटीतल्या लोकांनी. “मुलगी पळवली म्हणून तुमच्यावर केस होईल,” असे मला तिघांनी तीन वेगवेगळ्या दिवशी सांगितले. ही भीती अगदीच निराधार नाही. अठरा वर्षांखालील मुलाला पालकाच्या ताब्यातून नेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १३७ प्रमाणे अपहरणाचा गुन्हा होऊ शकतो. सर्वोच्च न्यायालयाने एस. वरदराजन प्रकरणात, १९६४ मध्ये, स्वतःच्या विचाराने घर सोडून आलेल्या समजत्या मुलीला बरोबर येऊ देणे म्हणजे तिला ‘नेणे’ नव्हे, असा फरक केलेला आहे, पण ज्याच्या दारात मार खाल्लेले मूल उभे आहे त्याने असल्या निवाड्यावर विसंबून राहू नये. मूल आले की लगेच १०९८ ला कळवावे, फोनची वेळ लिहून ठेवावी आणि रात्रभर गुपचूप घरात ठेवून घेऊ नये. मी तेवढे केले होते, म्हणून वडिलांनी माझ्याविरुद्ध तक्रार करण्याचा प्रयत्न केला तेव्हा केस वर्करच्या नोंदी माझ्या बाजूने उभ्या राहिल्या. जिथे लैंगिक अत्याचाराची शंका असेल तिथे तर कळवणे ऐच्छिक नाही. बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ ने ते प्रत्येकावर बंधनकारक केले आहे, न कळवणे हा गुन्हा आहे, आणि सद्‌हेतूने माहिती देणाऱ्याला त्याच कलमाने संरक्षण दिलेले आहे. त्या कायद्यात मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याने निवडलेल्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने आणि गणवेशाशिवाय घ्यायचा असतो, आणि कोणत्याही कारणाने मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही.

मुलीच्या वर्गातल्या एका मैत्रिणीने तिला दुसराही एक उपाय सुचवला होता : लग्न कर, मग सुटशील. हे वाचणाऱ्या एखाद्या मुलीच्या मनात तसे असेल तर तिला मला कळकळीने सांगायचे आहे की, २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याने अठराव्या वर्षापूर्वी मुलीचे लग्न लावणे हा गुन्हा आहे, आणि १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात विवाहित अल्पवयीन मुलीचा पालक म्हणून नवऱ्याचे नाव आहे. म्हणजे त्या वाटेने गेले तर पालक बदलतो, पालकत्व संपत नाही. लग्न लावून दिले जाण्याचा धोका असलेले बालकही काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालकच असते, तेव्हा तिथेही १०९८ हाच क्रमांक उपयोगी पडतो.

एका बाबतीत मात्र सगळ्यांनाच त्रास झाला. तिच्या कनिष्ठ महाविद्यालयाने, ज्याचे नाव मी देत नाही, बोनाफाइड प्रमाणपत्रासाठी आणि परीक्षेच्या अर्जासाठी वडिलांचीच सही हवी म्हणून दोन आठवडे तिला परत पाठवले. समितीच्या आदेशाची प्रत दाखवल्यावरही लिपिकाने ‘असला कागद आमच्या फॉरमॅटमध्ये बसत नाही’ असे सांगितले. शेवटी बाल संरक्षण अधिकारी स्वतः प्राचार्यांना भेटले आणि मावशीची सही चालली. समितीचा आदेश हातात पडताच त्याच्या पाच-सहा साक्षांकित प्रती काढून घ्याव्यात, असा माझा सल्ला आहे. बरोबर दहावीचे प्रमाणपत्र ठेवावे, कारण वय ठरवताना कायदा शाळेचा दाखला किंवा मॅट्रिकचे प्रमाणपत्र आधी पाहतो, ते नसेल तर महापालिकेचा जन्मदाखला आणि तोही नसेल तरच वैद्यकीय चाचणी. आधार कार्ड, बँकेचे पासबुक आणि औषधांची चिठ्ठी यांचे फोटो विश्वासातल्या एखाद्या मोठ्या माणसाच्या फोनवर पाठवून ठेवावेत. दहा वर्षांवरील मुलाला बँकेत स्वतःचे बचत खाते उघडून चालवता येते, हे फार थोड्या मुलांना ठाऊक असते. तिच्याकडे ते खाते होते, म्हणून तिची शिष्यवृत्ती वडिलांच्या हाती गेली नाही.

पैशांचा प्रश्न उरतोच. मावशी शिवणकाम करते आणि तिला स्वतःची दोन मुले आहेत. नातेवाइकाकडे राहणाऱ्या अशा मुलांसाठी राज्याची बाल संगोपन योजना आहे, तिच्यात दरमहा २,२५० रुपये मिळतात, आणि मिशन वात्सल्यखालील प्रायोजकत्वात दरमहा ४,००० रुपये. आम्ही बाल संगोपनाचा अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयाकडे दिला आहे. जी मुले बालगृहातच राहून अठरा पूर्ण करतात त्यांना त्या दिवशी रस्त्यावर सोडले जात नाही. त्यांच्यासाठी ‘अनुरक्षण’ म्हणजे पश्चात देखभालीची सोय एकवीस वर्षांपर्यंत आहे, अपवादात्मक स्थितीत तेवीसपर्यंतही. अठरावा वाढदिवस जवळ येत चाललेल्या मुलांनी ही गोष्ट निदान सहा महिने आधी आपल्या बाल संरक्षण अधिकाऱ्याला विचारावी.

आकड्यांत सांगायचे तर १०९८ च्या प्रतिसादाला मी पाचपैकी पाच देते, आणि कागद विकणाऱ्या कार्यालयाला काहीही नाही. त्या कार्यालयात मी मुलीच्या मावशीबरोबर गेले होते. काउंटरवरच्या तरुणाने पावती नाकारली नाही, “आम्ही क्लायंटने सांगितलं ते टाइप करून देतो, सल्ला देत नाही,” असे म्हटले आणि पुढच्या माणसाला हाक मारली. त्याच्या मागच्या भिंतीवर दरपत्रक लावले होते, आणि त्यात पाचव्या ओळीवर ‘पालकांपासून विभक्त प्रतिज्ञापत्र’ असे छापलेले होते, म्हणजे हे काम त्यांच्याकडे नेहमीचे आहे. आम्ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या क्रमांकावर, तक्रार नोंदवली आहे.

मुलगी आता बारावीत आहे. रविवारी सकाळी डोंबिवलीहून ठाणे आणि तिथून ट्रान्स-हार्बरने ऐरोली असा प्रवास करून ती वर्गाला येते, दुपारी मावशीकडे परतते आणि पोहोचल्यावर मला एक मेसेज करते. गेल्या आठवड्यात ती पहिल्यांदा अर्ध्या बाह्यांचा कुर्ता घालून आली होती. दंडावरच्या रेघा आता फिकट तपकिरी झाल्या आहेत.